आनंदीबाईंचा खटला प्रेक्षकांसमोर चालवावा का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

आमचा नाशिकचा हौशी नाट्यगट दिवाळीनंतर एक प्रयोग करायच्या तयारीत आहे. अभिरूप न्यायालय. आरोपी आनंदीबाई पेशवे, आरोप नारायणरावांच्या खुनाच्या कटाचा. पंच प्रेक्षकांतून निवडायचे, साक्षीदारांना प्रश्न प्रेक्षकांनीच विचारायचे आणि शेवटी हात वर करून निकाल. आनंदीबाईंचे अखेरचे दिवस इथल्या आनंदवल्लीत नजरकैदेत गेले, १७९४ साली त्या वारल्या. त्यामुळे विषय आम्हाला घरचा वाटतो.

पण पहिलं वाचन झालं आणि गटात दोन तट पडले. निम्मे म्हणतात, प्रेक्षक आत ओढला गेला पाहिजे, निकाल त्याच्याच हातात हवा. बाकीचे म्हणतात, सभागृहात येणारा प्रत्येक जण 'ध चा मा' ऐकत मोठा झालाय, निकाल घरूनच घेऊन येणार. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारदी घुसले, नारायणराव मारले गेले, रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं, इथपर्यंत ठीक. आनंदीबाईंनी अक्षर बदललं ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट. तो कागद आपल्यापुढे नाही. मग कशाच्या आधारावर हात वर करायला सांगायचं?

मला प्रयोग व्हायला हवाय. पण तो हात वर करण्याचा भाग मला खटकतोय. वादग्रस्त ऐतिहासिक व्यक्ती आणि प्रेक्षकांचा सहभाग असं काही कोणी पाहिलं असेल, केलं असेल, तर सविस्तर लिहा.

खडकवासला

जागा धरून ठेवतो. घाशीरामबद्दल लिहायचंय, रात्री लिहितो.

कृष्णाकाठची

करा, बिनधास्त करा! दोनशे-अडीचशे वर्षं या बाईला बाजू मांडायला मिळालेली नाही. नाटकात तरी मिळू दे. 'आनंदीबाई' ही आपल्याकडे शिवी झाली आहे. सुनेनं जरा तोंड उघडलं की घरात हेच नाव. ज्यांच्याकडे तलवारी होत्या, पगार थकला म्हणून जे वाड्यात घुसले, त्या सुमेरसिंगाचं नाव किती जणांना आठवतं? बाईचं नाव बरोबर सगळ्यांच्या ओठांवर.

दप्तरखाना

माझा स्पष्ट विरोध. इतिहास बहुमतानं ठरत नाही. तीनशे लोकांनी हात वर करून बाईंना निर्दोष सोडलं काय किंवा दोषी ठरवलं काय, मोडी कागदांत एका ओळीचाही फरक पडत नाही. पडतो तो लोकांच्या डोक्यात. घरी जाताना माणूस म्हणतो, 'आम्ही निकाल दिला.' त्याला वाटतं आपण पुरावा तपासला. खरं म्हणजे त्यानं दोन नटांचा अभिनय तपासलेला असतो. ज्या बाजूच्या वकिलाचा आवाज चांगला, ती बाजू जिंकणार.

@कृष्णाकाठची, तुमचा राग पटतो. पण उद्या नाशिकच्या प्रेक्षकांनी 'दोषी' म्हणून हात वर केले तर? त्या शिवीवर तुम्हीच शिक्का मारून घेतलात की!

कृष्णाकाठची

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. विचार करते.

हडसनपार

मी न्यू जर्सीत असते. ब्रॉडवेवर २०२३ च्या उन्हाळ्यात 'हिअर लाइज लव्ह' लागलं होतं, ते पाहिलं. फिलिपिन्सचे हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांच्यावरचं संगीत नाटक. या धाग्याला इतकं लागू आहे की जरा लांबण लावते.

थिएटरच्या तळमजल्यावरच्या खुर्च्या काढून टाकून तिथे डिस्को केला होता. आम्ही तिकीट काढून उभे. रंगमंचाचे सरकते भाग गर्दीतून फिरायचे आणि गुलाबी पोशाखातले मदतनीस हातातल्या दिव्यांनी आम्हाला इकडून तिकडे हाकायचे. सुरुवातीला डीजे नाचाच्या दोन-चार सोप्या हालचाली शिकवतो, त्या सगळ्यांनी मिळून करायच्या. मग निवडणूक प्रचार सुरू होतो. फर्डिनांड आणि इमेल्डा गर्दीत शिरून हात मिळवतात. माझ्याशीही मिळवला. मी हसले, टाळ्या वाजवल्या, शेजारची मुलगी तर उड्या मारत होती. गाणी तशीच आहेत, पाय थांबत नाहीत.

आणि मग त्याच संगीतावर १९७२ चा लष्करी कायदा येतो. तोच नाचाचा मजला, तेच दिवे. १९८३ साली विरोधी नेते निनॉय अक्विनो मायदेशी परततात आणि मनिलाच्या विमानतळावर त्यांना गोळी घातली जाते. पुढे त्यांच्या आईचं शोकगीत, आणि आपण अजून त्याच जागी उभे, मघाशी जिथे नाचलो तिथेच. मला तिथे घाम फुटला. कोणी मला विचारलं नाही की इमेल्डा दोषी की निर्दोष. उत्तर द्यायची सोयच नव्हती. मी टाळ्या वाजवल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं.

शेवट १९८६ च्या जनआंदोलनावर. बँडबाजा सगळा बंद, साध्या गिटारीवर एक गाणं, बस.

दुसरी बाजूही सांगते. माझी एक फिलिपिनो सहकारी हे नाटक पाहायला तयारच झाली नाही. तिचं म्हणणं, ज्या राजवटीत तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली, तिच्यावर तुम्ही आम्हाला नाचायला लावता? शिवाय २०२२ मध्ये मार्कोस यांचाच मुलगा तिथे राष्ट्राध्यक्ष झाला. असा आक्षेप जाहीरपणे घेणारेही बरेच होते. नाटक नोव्हेंबरअखेर बंद झालं. सगळेच्या सगळे नट फिलिपिनो वंशाचे, हे ब्रॉडवेवर पहिल्यांदाच घडत होतं. त्यामुळे त्या समाजातही एकमत नव्हतं.

पाऊलवाट

आणि बूट? इमेल्डा म्हटलं की मला फक्त तिच्या कपाटातले ते बुटांचे ढीगभर जोड आठवतात.

हडसनपार

बूट नाटकात नाहीतच! मुद्दाम टाळले आहेत. ते आले असते तर लोक हसून मोकळे झाले असते.

दप्तरखाना

@हडसनपार, हे फार चांगलं लिहिलंत. 'ध चा मा' हे आपले बूट आहेत.

गोदाकाठ

आत्ताच गटाच्या ग्रुपवर हे वाक्य टाकलं.

सत्रन्यायालय

पेशानं वकील आहे, म्हणून दोन शब्द.

प्रेक्षकांतून पंच घेण्याची कल्पना ब्रॉडवेला जुनीच आहे. आयन रँडचं 'नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ' १९३५ साली तिथे आलं, त्यात प्रेक्षकांतले बारा जण पंच म्हणून मंचावर बसायचे आणि निकालाप्रमाणे शेवट बदलायचा. मेलेला उद्योगपती उभा केला होता तो स्वीडनचा काडेपेटी सम्राट इव्हार क्रॉयगर याच्यावरून. पण लेखिकेनं नाव बदललं, घटना बदलल्या. पुरावा दोन्ही बाजूंना सारखा वाटेल असा तिला हवा तसा बेतता आला. तुम्हाला ती सोय नाही. आनंदीबाई, रामशास्त्री, सखारामबापू ही खरी माणसं. तराजू समतोल राहावा म्हणून तुम्ही एखादी साक्ष रचलीत तर ती खोटी साक्ष. आणि न रचावी तर खटला पहिल्या अर्ध्या तासातच कोसळतो, कारण मूळ दस्तऐवजच हजर नाही. मी बचाव पक्षाची वकील असते तर एकच अर्ज दिला असता: कागद दाखवा, नाहीतर माझ्या अशिलाला सोडा.

अभिरूप न्यायालयं मी कॉलेजात भरपूर केली. मजा येते, मुलं बोलायला शिकतात. पण तिथे आरोपी कर्ण असतो नाहीतर कैकेयी.

कोल्हापुरी_चप्पल

कर्णाचं काम मी केलं होतं. दोषी ठरलो. अजून मान्य नाही.

खडकवासला

आता लिहितो.

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात, भरत नाट्य मंदिरात झाला. लेखक तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संस्था पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनंच ते थांबवलं. नाना फडणवीसांचं विकृत चित्रण, ब्राह्मणांची बदनामी असे आक्षेप होते. मग त्याच मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० साली बर्लिनला निघाले तेव्हा पुन्हा वाद.

माझे मोठे काका तेव्हाचे प्रेक्षक. ते म्हणत, या नाटकात सगळ्यात भयंकर काय असेल तर ती माणसांची भिंत. रांगेत उभे राहिलेले ब्राह्मण, झुलतायत, गातायत. मध्येच पाठ फिरवली की भिंत, तोंड फिरवलं की गाव. भिंतीच्या पलीकडे जे चाललंय ते भिंतीला दिसत नाही. काका म्हणायचे, आपण समोर बसून ते गोड संगीत ऐकत मान डोलवत असतो आणि मध्येच कळतं की आपणही त्या रांगेतले. मोहन आगाशेंचा नाना पाहून हसू यायचं आणि त्या हसण्याचीच लाज वाटायची.

खरा घाशीराम सावळदास १७९१ साली पुण्यातल्या जमावाच्या हातून दगडांनी ठेचला गेला, कारण त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले होते. नाटकात तो शेवट येतो तेव्हा दगड मारणारे कोण, तर हीच भिंत. प्रश्न घाशीराम वाईट होता का हा नाहीच. त्याला कोतवाल कोणी केला, आणि इतकी वर्षं कोण गप्प बसलं?

गोदाकाठ, तुम्ही प्रेक्षकाला न्यायाधीश करताय. माझ्या मते त्याला भिंत करा.

शेवंती

खडकवासला काका, सुंदर लिहिलंय. पण घाशीरामला प्रेक्षकसहभागाचं नाटक म्हणता येईल का? प्रेक्षक तर खुर्चीतच बसलाय.

खडकवासला

बाळ, खुर्चीतून उठवलं म्हणजेच सहभाग असं का मानायचं? खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. त्यात व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही, महाभारतातली सरळ गोष्ट आहे. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला, द्रौपदीत देश पाहिला. नाटकाचा अर्धा भाग प्रेक्षकांनी घडवला, आणि तो सरकारला बरोबर कळला. म्हणून तर १९१० मध्ये बंदी आली.

शेवंती

मान्य, पण हे सगळ्याच चांगल्या नाटकांना लागू होईल. गोदाकाठ विचारतायत ते वेगळं आहे. प्रेक्षक तोंड उघडणार, प्रश्न विचारणार, काय विचारेल ते आधी ठाऊक नाही. त्यासाठी वेगळी तयारी लागते.

विंगेतून

बॅकस्टेजवाला बोलतो. एक व्यवहाराचा मुद्दा कोणी काढलाच नाही. महाराष्ट्रात तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तिथून प्रमाणपत्र मिळतं ते लिहिलेल्या संहितेला. प्रेक्षकानं उठून आयत्या वेळी प्रश्न विचारला आणि तुमच्या आनंदीबाईंनी आयत्या वेळी उत्तर दिलं, तर ते संहितेत कुठे आहे? वादग्रस्त विषय असला की तक्रार करणारा नेमकं इथेच बोट ठेवतो. 'मी नथुराम गोडसे बोलतोय'चं काय झालं सगळ्यांना माहीत आहे. १९९८ ला बंदी, मग हायकोर्ट, २००१ ला सुटका. त्यात तर एकही वाक्य आयत्या वेळचं नव्हतं.

उपाय आहे. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर मागवा, मध्यंतरात निवडा, उत्तरं शक्यतो आधीच लिहिलेल्या मजकुरातली ठेवा. आणि सूत्रधार अनुभवी घ्या. माइक प्रेक्षकाच्या हातात अजिबात द्यायचा नाही. माइक सूत्रधाराच्याच हातात, प्रेक्षक त्यात बोलेल. एकदा माइक हातातून गेला की भाषण सुरू होतं आणि मागच्या रांगेतून दुसरं.

कोल्हापुरी_चप्पल

याला तमाशातला सोंगाड्या पायजे! वगात कोण मधीच वरडला तर त्यालाच घेऊन असा टोला हाणतो की पब्लिक खूश आनि वरडणाराबी खूश. आमच्याकडं जत्रेत एकदा एका पुढाऱ्यानं मधीच उठून वगातल्या राजाला सल्ला दिला. सोंगाड्या म्हनला, "महाराज, परधानजी बदलायची येळ आली, हे बगा, दुसरे स्वतःच हुबं राहिले." पुढारी हसत हसत खाली बसला.

विंगेतून

हेच म्हणतोय. प्रेक्षकांशी बोलायची कला आपल्याकडे तमाशात आहे, जलशात आहे. शहरातल्या हौशी गटांनी ती कधी शिकून घेतली नाही.

जेम्सनदी

व्हर्जिनियात बरीच वर्षं आहे. इथे जवळच कलोनियल विल्यम्सबर्ग आहे, अठराव्या शतकातलं अख्खं गाव जपून ठेवलंय. जुन्या पोशाखातले नट तिथे रस्त्यानं हिंडतात. जेफरसन भेटतात, त्यांना काहीही विचारा, ते जेफरसन म्हणूनच उत्तर देतात. लेकीनं विचारलं होतं, "सगळी माणसं समान असं तुम्ही लिहिलंत, मग तुमच्याकडे गुलाम कसे?" नटानं टाळलं नाही. भूमिका न सोडता असं उत्तर दिलं की त्या माणसाचं शहाणपण आणि त्याची लबाडी दोन्ही एकाच वेळी दिसली. जमलेले लोक एकदम शांत झाले. वादग्रस्त माणूस उभा करायचा तर नटाचा अभ्यास इतका हवा. दोन महिन्यांच्या तालमीत ते होत नाही.

याच गावात १० ऑक्टोबर १९९४ ला गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला होता. आम्ही यायच्या आधीची गोष्ट, पण इथे अजून बोलली जाते. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं कडाडून विरोध केला, आमच्या पूर्वजांच्या यातनांचा तमाशा मांडू नका म्हणून. प्रयोग बसवला होता तिथल्याच कृष्णवर्णीय विभागानं. विभागप्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः लिलावात विकल्या जाणाऱ्या गर्भवती स्त्रीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. रस्त्यावर मोठी गर्दी होती. त्या गर्दीला कोणती भूमिका होती? लिलाव बघायला आलेल्यांची. एकही संवाद न देता. विरोध करायला आलेल्यांपैकी एका नेत्यानं प्रयोग पाहून आपलं मत बदललं. पण तो लिलाव त्यांनी पुन्हा केला नाही.

दप्तरखाना

जातीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पेशवाईवर काही केलं की एका बाजूनं 'ब्राह्मणांना बदनाम करताय' आणि दुसऱ्या बाजूनं 'ब्राह्मणांचं कौतुक करताय' असं दोन्हीकडून येणार. गोदाकाठ, तयारी ठेवा.

एकतारी

तेच तर! आधीच पेशव्यांचं कौतुक काय कमी झालंय? वाड्यातल्या भाऊबंदकीवर किती नाटकं काढणार? त्याच काळात पुण्याच्या वेशीबाहेर कोण उभं होतं त्यावर काढा ना.

संपादक मंडळ

सर्वांना विनंती, चर्चा प्रयोगाभोवती ठेवा. जातीवाचक उल्लेख असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत.

गोदाकाठ

@एकतारी, तुमचा प्रतिसाद राहू दिला हे बरं झालं. वाड्यातल्या वाड्यात नाटक संपतं हीच माझी अडचण होती. विचार करतोय.

खडूफळा

प्राध्यापिका आहे, अमेरिकेत शिकवते. आमच्याकडे 'रिॲक्टिंग टू द पास्ट' नावाची अध्यापनपद्धत आहे, बार्नर्ड कॉलेजात सुरू झालेली. विद्यार्थी ऐतिहासिक भूमिका घेतात आणि कित्येक आठवडे वाद घालतात. त्यात १९४५ च्या सिमला परिषदेचा खेळ आहे, काँग्रेस, मुस्लिम लीग, संस्थानिक असे गट. मी घेते तो.

पहिल्या वर्षी एका मराठी मुलाच्या वाट्याला जिनांची बाजू आली. तो माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "मॅम, हे मी आजोबांना सांगू शकत नाही." मी भूमिका बदलून दिली नाही. त्यानं लीगचे ठराव वाचले, भाषणं वाचली, आणि वर्गात असा बोलला की गांधीजी झालेल्या मुलीला उत्तर सुचेना. तो लीगवाला झाला का? मुळीच नाही. पण समोरच्या माणसाला भीती कसली वाटत होती हे त्याला कळलं.

दप्तरखाना, तुमच्या आक्षेपावर माझं उत्तर हे: एका संध्याकाळी हात वर करायला लावलंत तर तुमचं म्हणणं खरंच आहे. पण हात वर करण्याआधी वाचायला लावलंत तर? नाशिकमध्ये शाळा-कॉलेजं आहेत. पंच आधी निवडा. त्यांना महिनाभर आधी कागद द्या. चौकशीबद्दल काय ठाऊक आहे, काय नुसतं ऐकीव आहे, दोन वेगळ्या गठ्ठ्यांत.

दप्तरखाना

अशा पंचांना मी स्वतः येऊन मोडीतली दोन पत्रं वाचून दाखवीन. प्रवासखर्चही नको.

शेवंती

मी नाट्यशास्त्र शिकले. एक प्रयोग सांगते, तो तुमच्या फार कामाचा आहे. पॅरिसच्या थेआत्र द्यु सोलेई या मंडळींनी आरियान म्नुश्किन यांच्या दिग्दर्शनाखाली १९७० मध्ये '१७८९' केलं. फ्रेंच राज्यक्रांतीवर. आधी मिलानला, मग व्हॅन्सेनच्या जुन्या काडतुसांच्या कारखान्यात. भोवती लाकडी मंच आणि मधल्या मोकळ्या जागेत प्रेक्षक उभे.

त्यात बास्तीयचा तुरुंग पडतो तो प्रसंग असा. लढाई दाखवतच नाहीत. नट गर्दीत पांगतात, चार-पाच प्रेक्षकांना जवळ बोलावतात आणि कुजबुजत्या आवाजात सांगू लागतात, मी तिथे होतो, असं असं झालं. प्रत्येक घोळक्यात वेगळा नट, वेगळी हकिगत. हळूहळू आवाज चढतात, ढोल वाजू लागतो आणि शेवटी सगळीकडून एकदम जल्लोष. ज्यानं त्यानं आपल्या कानानं ऐकलेलं असतं.

आता हेच ३० ऑगस्ट १७७३ ला लावा. खून दाखवू नका. प्रेक्षक म्हणजे त्या दुपारी वाड्याबाहेर जमलेलं पुणं. दारं बंद, आतून आरडाओरडा. कोणालाच काही माहीत नाही. मग नट येऊन घोळक्याघोळक्यात सांगतात. एक म्हणतो, गारद्यांचा पगार थकला होता. दुसरा म्हणतो, श्रीमंत काकांच्या कमरेला मिठी मारून रडत होते, तुळाजी पवारानं ओढून काढलं. तिसरी, वाड्यातली कुणबीण म्हणजे दासी, सांगते की चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्यालाही कापलं. चौथ्या घोळक्यात कोणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, "कागदावर एक अक्षर बदललं म्हणे. बाईनं." ते कुजबुजणं प्रेक्षकच पुढे नेतील बघा. तुम्ही सांगायची गरज नाही.

कृष्णाकाठची

अंगावर काटा आला, शेवंती!

सत्रन्यायालय

आणि दुसऱ्या अंकात चौकशी. रामशास्त्री प्रेक्षकांतल्याच एकाला उभं करून विचारतील, "तुम्ही पाहिलंत का?" "नाही, ऐकलं." "कोणाकडून?" "शेजारच्यांकडून." शेजारच्यांना उभं करा. ऐकीव साक्ष कशी असते हे दाखवायला याहून चांगला मार्ग नाही. आणि मंडळाला द्यायच्या संहितेत रामशास्त्र्यांचे प्रश्न आधीच लिहिता येतील, उत्तर 'पाहिलं' किंवा 'ऐकलं' एवढंच. विंगेतून, हे चालेल ना?

विंगेतून

चालायला हरकत नाही. उत्तरं दोनच असतील तर दोन्ही वाटा लिहून द्या. पण नाशिकला मोकळ्या चौकात करताय की नाट्यगृहात? घोळके करायचे तर खुर्च्या नकोत. शाळेचं पटांगण बघा. आणि प्रेक्षक दीडशेच्या वर नको, नाहीतर कुजबुज ऐकूच येणार नाही.

एकतारी

त्या कुणबिणीला नाव द्या. आणि तिला शेवटपर्यंत ठेवा. चौकशीत तिला कोणी बोलावतं का, तेही दिसू दे.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद छापून काल तालमीत वाचले. हात वर करून निकाल हे काढून टाकलंय, त्यावर आता गटात एकमत आहे. शेवंती यांचा घोळक्यांचा प्रसंग पहिला अंक, सत्रन्यायालय यांची चौकशी दुसरा. रामशास्त्री रघुनाथरावांना दोषी ठरवतात तिथपर्यंत जायचं. आनंदीबाई पहिल्या दोन अंकांत दिसणारच नाहीत, फक्त त्यांच्याबद्दल बोललं जाईल. तिसऱ्या अंकात आनंदवल्ली, वीस वर्षांनंतर. तिथे त्या प्रथमच येतील आणि प्रेक्षकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या प्रश्नांना उत्तरं देतील. जे इतिहासाला ठाऊक नाही, त्याचं उत्तर त्या देणार नाहीत.

एकतारी, कुणबिणीची भूमिका वाढवली आहे. तिला नाव आम्ही द्यायचं की नाही यावर मात्र भांडण चालू आहे, कारण दप्तरात नाव नसणं हेच आपल्याला दाखवायचंय असं काहींचं म्हणणं आहे.

दप्तरखाना, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. मोडी वाचनाला कोणत्या रविवारी जमेल?

दप्तरखाना

दुसऱ्या रविवारी येतो. कुणबिणीला नाव देऊ नका. पण चापाजीला ते दप्तरात आहे तसं पूर्ण घ्या.

एकतारी

मला उलट वाटतं. नाव द्याच. दुसऱ्या रविवारी मीही येतो, समोरासमोर भांडू.

कोल्हापुरी_चप्पल

सोंगाड्या लागला तर सांगा. कर्णाचा निकाल बाजूला ठेवून येतो.